मोठ्या हेडफोनला ॲम्प लागतो म्हणतात, मग इवल्याशा इयरफोनला का नाही?

कानात_वारं (धागाकर्ता)

मंडळी, आधीच सांगून ठेवतो, मला यातलं शष्प कळत नाही, तेव्हा जरा सोपं करून सांगा.

गेली कित्येक वर्षं कानात घालायचे साधे वायरवाले इयरफोन वापरतोय. फोनला डोंगल (इयरफोनची वायर फोनला जोडायचा छोटा जोड) लावला की आवाज निम्म्यावर ठेवला तरी भरपूर होतो, त्याच्यावर गेलं की कान बधिर. मागच्या आठवड्यात मावसभावाने त्याचे मोठे, कान पूर्ण झाकणारे हेडफोन दिले, म्हणाला पडूनच आहेत, वापर. म्हटलं चला, आता जरा ऐटीत ऐकू. तर त्याच फोनवर, त्याच डोंगलवर आवाज फुल्ल करूनही मजा येईना. ऐकू येतं, नाही असं नाही, पण शेजारच्या खोलीत कुणीतरी गाणं लावलंय आणि दार लोटलेलं आहे असं. नवीन गाणी त्यातल्या त्यात बरी, जुनी रेकॉर्डिंग तर पार कुजबुजतात.

भाऊ म्हणतो मोठ्या हेडफोनला ॲम्प (ॲम्प्लिफायर, आवाज वाढवणारं वेगळं यंत्र) लागतोच. हे खरं का? आणि मोठ्याला लागतो तर लहानाला का नाही, नेमकं काय मोठं असतं म्हणून? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

अर्धवट

मोठी गाडी, मोठं इंजिन. संपला धागा.

रात्रपाळी

@अर्धवट, एवढं सोपं असतं तर काय. माझ्याकडे ऑडिओ-टेक्निकाचे एम५०एक्स आहेत, चांगले थोराड आहेत, डोक्यावर घातले की हेलिकॉप्टरचा पायलट दिसतो मी. फोनवर, लॅपटॉपवर, कशावरही लावा, पाऊण आवाजाच्या वर कधी न्यावाच लागत नाही. उलट माझ्या मैत्रिणीकडे एक इन-इयर (कानात खोचायचा इयरफोन) आहे, बोटाच्या पेराएवढा, त्याला माझ्या हेडफोनपेक्षा खूपच जास्त आवाज द्यावा लागतो. तेव्हा आकाराचा संबंध असेल तर तो सरळ नाहीये. धागाकर्ते, तुमच्या हेडफोनवर ओहम किती लिहिलेत ते बघा आधी.

कानात_वारं

२५० ओहम. आणि खोक्यावर ९६ डीबी (डेसिबल) असंही लिहिलंय. इयरफोनचं खोकं सापडलं, त्यावर १६ ओहम आणि १०५ डीबी. म्हणजे २५० वाला जास्त ताकदवान ना?

खर्डेघाशा

नाही हो, तिथेच सगळे फसतात. ओहम म्हणजे ताकद नाही, अडवणूक. आता बसा निवांत, जरा लांबण लागेल.

हेडफोनच्या खोक्यावर दोन आकडे कामाचे, बाकी सगळी जाहिरात. एक इम्पिडन्स, म्हणजे ओहम. दुसरा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे अमुक एवढी वीज दिली की आवाज किती होईल. तुमचा ९६ हा बहुधा १ मिलिवॅटला ९६ डीबी. इयरफोनचा १ मिलिवॅटला १०५. म्हणजे तेवढ्याच विजेत इयरफोन ९ डीबी जास्त ओरडतो. हा झाला पहिला फरक.

दुसरा फरक जास्त मोठा आणि तो लोकांच्या लक्षातच येत नाही. फोन किंवा डोंगल काय देतो? मिलिवॅट देत नाही, व्होल्ट देतो. आवाजाचं बटण म्हणजे व्होल्टेजचं बटण. वॅट किती निघतील ते समोर ओहम किती आहेत त्यावर ठरतं, व्होल्टचा वर्ग भागिले ओहम, शाळेतलंच. समजा डोंगल जास्तीत जास्त १ व्होल्ट देतो (बरेच साधे डोंगल साधारण तेवढेच देतात). २५० ओहमला १ व्होल्ट दिला तर ४ मिलिवॅट. १६ ओहमला तोच १ व्होल्ट दिला तर साडेबासष्ट मिलिवॅट. म्हणजे सोळापट, म्हणजे आणखी १२ डीबी.

आता बेरीज करा. तुमचे मोठे हेडफोन १ व्होल्टला ९६ अधिक ६, म्हणजे १०२ डीबी. इयरफोन १०५ अधिक १८, म्हणजे १२३ डीबी. (डोंगलला तेवढा करंट झेपला तर. आणि कान शाबूत राहिले तर.) एकाच डोंगलवर २१ डीबीचा फरक! १० डीबी म्हणजे कानाला साधारण दुप्पट वाटतं, म्हणजे इयरफोन तुम्हाला चौपट मोठे वाटणार. तुमचं दार लोटलेलं आहे ते इथे.

कानात_वारं

आईशप्पथ. हे पहिल्यांदा कळलं. पण मग १०२ डीबी तरी कमी कुठेय? १०० डीबी म्हणजे कानठळ्या ना?

खर्डेघाशा

चांगला प्रश्न. १०२ हा सर्वात वरचा टोकाचा आवाज, गाण्यातला सगळ्यात जोराचा ठोका. गाणं सरासरीने त्याच्या बरंच खाली असतं. हल्लीची दाबून-ठोकून केलेली गाणी टोकापासून आठ-दहा डीबी खाली, म्हणून ती तुम्हाला बरी वाटली. मोठ्या ऑर्केस्ट्राचं नाहीतर जुनं रेकॉर्डिंग २० डीबी किंवा त्याहून खाली. म्हणजे सरासरी ८० च्या आसपास. वाईट नाही, पण "मजा येईना" हे समजू शकतं.

म्हणून हिशोब करताना लोक टोकाला ११० डीबी धरतात. तेवढं रोज ऐकायला नको, पण जागा हवी. तुमच्या हेडफोनला ११० साठी २५ मिलिवॅट लागतील, म्हणजे अडीच व्होल्ट. करंट फक्त १० मिलिअँपिअर. म्हणजे तुम्हाला "ताकद" कमी पडत नाहीये, व्होल्ट कमी पडतायत.

आता गंमत बघा. बायरडायनॅमिकचे डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन प्रकारांत मिळत आलेत. आकार तोच, तिघांचीही सेन्सिटिव्हिटी कंपनी ९६ डीबीच सांगते. ११० ला तिघांनाही २५ मिलिवॅटच लागतात, पण ३२ वाल्याला ०.९ व्होल्ट, ८० वाल्याला १.४ आणि २५० वाल्याला २.५. म्हणजे पहिला डोंगलवर आरामात, तिसरा नाही. आकार एका मिलिमीटरने बदलला नाही. अर्धवटरावांच्या गाडीचं इंजिन इथेच बंद पडलं.

अर्धवट

ढकलून चालू करतो.

शुद्धस्वर

आकडेमोड छान आहे, पण संगीत आकड्यात नसतं. माझा पंधरा वर्षांचा अनुभव सांगतो. मोठा हेडफोन फोनवर "वाजतो" आणि ॲम्पवर "खुलतो", दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बेसला वजन येतं, वाद्यं एकमेकांपासून सुटी होतात, गायक समोर येऊन उभा राहतो. आवाज पुरेसा मोठा असला म्हणजे हेडफोनला पुरेशी पॉवर मिळते असं नसतं. अंडरपॉवर्ड हेडफोन मोठ्याने वाजू शकतो पण पोकळ वाजतो. ज्यांनी चांगला ॲम्प ऐकलाच नाही त्यांना हे सांगून कळणार नाही.

मिक्सरताई

शुद्धस्वर, रागावू नका, पण एक विचारते. फोन आणि ॲम्पची तुलना करताना दोन्हीचा आवाज सारखा केला होता का? अंदाजे नाही, मोजून?

मी दिवसभर रेकॉर्डिंगच एडिट करते, पोट त्यावर चालतं, आणि या एका गोष्टीने मला इतक्यांदा गंडवलंय की आता मी माझ्या कानांवर विश्वास ठेवायचं सोडलंय. दोन फाइल सारख्याच, फक्त एक अर्धा डीबी मोठी, तर मोठी वाली "स्वच्छ", "मोकळी", "जिवंत" वाटते. मोठी वाटतच नाही, चांगली वाटते! एका क्लायंटला चुकून तीच फाइल दोनदा पाठवली होती, दुसरी थोडी मोठी करून, तो म्हणाला हां आता कसं, आता बेस बसला.

बेसचं तर शास्त्रच आहे. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये माणसाच्या कानाचे आलेख काढले, त्यात दिसतं की हळू आवाजात आपल्याला खालचे सूर प्रमाणापेक्षा कमी ऐकू येतात. आवाज वाढवला की बेस जास्त वेगाने वर येतो. म्हणजे ॲम्प लावून तुम्ही चार डीबी मोठं ऐकलंत तर बेसला "वजन" येणारच, ते ॲम्पने दिलेलं नाही, ते तुमच्या कानाने दिलंय.

शुद्धस्वर

ताई, मी नवशिका नाही. आवाज सारखा करूनच ऐकतो.

मिक्सरताई

कशाने सारखा करता?

शुद्धस्वर

कानाने.

रात्रपाळी

खिक्.

सोल्डरबाबा

दिवसभर दुकानात होतो, धागा आत्ता वाचला. पोरांनो, दोन्ही बाजू थोड्या थोड्या बरोबर आहेत. शुद्धस्वर म्हणतात तसा फरक खरोखर पडू शकतो, पण त्याचं कारण "पॉवर" नसून दुसरंच असतं बऱ्याचदा. आउटपुट इम्पिडन्स. हा आकडा खोक्यावर कुणी छापत नाही.

प्रत्येक फोन, डोंगल, ॲम्पच्या आत शेवटी थोडा स्वतःचा अडथळा असतो. चांगल्या डोंगलचा १ ओहमच्या आसपास. काही जुन्या मिक्सरचा, रिसीव्हरचा कित्येक पट जास्त, एका जुन्या आंतरराष्ट्रीय मानकात तर १२० ओहम धरलेला होता. आता हेडफोनचे ओहम काही सगळ्या सुरांना सारखे नसतात. सेन्हायझरचा एचडी ६५० घ्या, म्हणायला ३०० ओहम, पण १०० हर्ट्झच्या जरा खाली तो ५०० च्या जवळ चढतो. १२० ओहमच्या आउटपुटला तो जोडला तर त्या बेसच्या पट्ट्यात साधारण १ डीबीचा फुगवटा येतो. बरेच ट्यूब ॲम्प (काचेच्या जुन्या व्हॉल्व्हवर चालणारे) असे जास्त ओहमवाले असतात, आणि लोक म्हणतात काय ऊब आहे. ऊब आहेच, खोटं नाही, पण ती इक्वलायझरनेही (खालचे-वरचे सूर वेगवेगळे कमी-जास्त करणारी सोय) आणता येते.

आणि इथे उलटी गंगा बघा. या गोष्टीचा सगळ्यात जास्त मार मोठ्यांना नाही, इवल्याशांना बसतो! एका कानात चार-पाच ड्रायव्हर (आवाज काढणारे इवले स्पीकर) कोंबलेले इन-इयर असतात, त्यांचे ओहम सुरागणिक उड्या मारतात. समजा एका सुराला ५ ओहम आणि दुसऱ्याला २०. दहा ओहमच्या आउटपुटला लावले तर त्या दोन सुरांत ६ डीबीचा फरक पडतो, म्हणजे गाण्याचा चेहराच बदलतो. १ ओहमच्या आउटपुटला तोच फरक जेमतेम सव्वा डीबीच्या आत. म्हणून जुना नियम सांगतो, आउटपुटचे ओहम हेडफोनच्या आठव्या हिश्शापेक्षा कमी असावेत. २५० वाल्याला ३० चालतील. १६ वाल्याला २ च्या वर नको. म्हणजे आवाजासाठी मोठ्याला ॲम्प लागेल, पण "चांगला" सोर्स लहानालाच जास्त लागतो.

कानात_वारं

बाबा, हे भारी आहे. पण एक शंका. जास्त ओहम म्हणजे त्रासच, मग कंपन्या २५०, ३००, ६०० ओहमचे हेडफोन बनवतात तरी कशाला?

सोल्डरबाबा

स्टुडिओसाठी. एकाच आउटपुटला चार-पाच हेडफोन समांतर जोडायचे असतात. ३२ ओहमचे चार जोडले तर ॲम्पला ८ ओहम दिसतात, घाम फुटतो त्याला. २५० चे चार जोडले तरी साठच्या वरच. शिवाय जास्त ओहमची कॉइल म्हणजे बारीक तारेचे जास्त वेढे, कॉइल हलकी करता येते. आणि स्टुडिओच्या यंत्रांना व्होल्टची ददात कधीच नव्हती. फोन आले आणि व्होल्टचा दुष्काळ पडला, बॅटरी केवढीशी ती.

अवांतर: ओहम जास्त म्हणजे ॲम्प हवाच असं मानणाऱ्यांनी क्रिस्टल रेडिओ आठवावा. त्याला बॅटरी नाही, ॲम्प नाही, काहीच नाही, एरियलने हवेतून पकडलेल्या लहरींवरच चालायचा, आणि त्याला लागायचे २००० ओहमचे हेडफोन! चालायचे, कारण ते कमालीचे संवेदनशील होते. नॅथॅनिएल बाल्डविनने १९१० मध्ये अमेरिकेच्या नौदलाला हेडफोन दिले तेव्हा आजच्यासारखे ॲम्प नव्हतेच. म्हणजे हेडफोन आधी, त्याचा ॲम्प नंतर.

रात्रपाळी

ही माहिती भन्नाट आहे बाबा. वाचनखूण साठवली.

इन-इयरबद्दल माझा एक फजितीचा अनुभव. मीही मध्ये असंच ऐकून एक टेबलावर ठेवायचा ॲम्प घेतला होता, म्हटलं मोठ्याला लागतो तर लहानाचंही भलं होईल. इन-इयर लावले आणि कानात सूंऽऽऽ. गाणं बंद, तरी सूं. आणि आवाजाचं गोल बटण अगदी आठ वाजताच्या काट्यावर ठेवलं तर डावा कान मोठा, उजवा लहान, जरा पुढे नेलं तर कानात भूकंप. मधे काही नाहीच. मला वाटलं यंत्र बिघडलंय, परत केलं.

खर्डेघाशा

बिघडलं नसणार बहुतेक. शुअर एसई८४६ हा इन-इयर घ्या, ९ ओहम, मिलिवॅटला ११४ डीबी. त्याला ११० साठी ०.४ मिलिवॅट लागतो, व्होल्टेज फक्त ६० मिलिव्होल्ट. दुसऱ्या टोकाला हायफायमॅनचा एचई-६, चपट्या पडद्याच्या प्लॅनर जातीचा, ५० ओहम आणि ८३.५ डीबी. त्याला तेवढ्याच आवाजासाठी साधारण ४५० मिलिवॅट, ४.७ व्होल्ट आणि ९५ मिलिअँपिअर. हजार पटीहून जास्त! लोक त्याला स्पीकरचा ॲम्प जोडायचे ते उगाच नाही. आता दुसऱ्यासाठी बनवलेला ॲम्प पहिल्याला जोडला तर ॲम्पची स्वतःची जी बारीक सुरसुर असते, जी मोठ्या हेडफोनवर कधीच ऐकू येत नाही, ती इन-इयरवर स्वच्छ ऐकू येणार. आणि गोल बटणाच्या अगदी सुरुवातीला डावं-उजवं सारखं नसतं हा त्या पोटेन्शिओमीटरचा स्वभावच. म्हणून ॲम्पवर गेनचं (सिग्नल किती पट वाढवायचा त्याचं) स्विच असतं, ते लो वर टाकायचं. तुमचं हाय वर असेल.

एचई-६ चे ५० ओहमही लक्षात ठेवा. नुसते ओहम बघितले असते तर वाटलं असतं सोपा आहे.

अजून एक फसवणूक. काही कंपन्या सेन्सिटिव्हिटी मिलिवॅटला सांगतात, काही व्होल्टला. एचडी ६५० वर १०३ डीबी दिसतं ते १ व्होल्टला आहे, मिलिवॅटच्या भाषेत ते ९८ च्या जवळ. खोक्यावर नुसतं "डीबी" लिहिलं असेल तर दोन हेडफोनची तुलना करूच नका.

नवा_भिडू

मग इन-इयर एवढ्या कमी विजेत एवढे मोठे वाजतात कसे? ड्रायव्हर तर शेंगदाण्याएवढा.

सोल्डरबाबा

कारण हलवायची हवाच केवढी? कान रबराने बंद झाला की आत उरते एक-दोन घन सेंटीमीटर हवा. पडदा केसाएवढा हलला तरी दाब चढतो. मोठ्या हेडफोनला गादीच्या आतली सगळी पोकळी हलवायची, वर ओपन बॅक (मागून उघडा) असेल तर अर्धं बाहेर निघून जातं, आणि पडदाही कानापासून लांब. सील नीट बसला नाही तर इन-इयरचा बेस कसा गायब होतो आठव, तेच कारण. आकाराचा संबंध असलाच तर एवढाच. बाकी मग चुंबक किती तगडा, पडदा किती हलका, कॉइल कशी, यावर सगळा खेळ.

खरंच वेगळं यंत्र लागतंच अशी एक जात आहे, इलेक्ट्रोस्टॅटिक. स्टॅक्सने १९६० मध्ये एसआर-१ आणला तेव्हापासून. त्याच्या पडद्याला शेकडो व्होल्टचा कायमचा दाब लागतो, आजच्या प्रो जातीला ५८० व्होल्ट. फोनला लावायची सोयच नाही, प्लगही वेगळा.

शुद्धस्वर

ठीक आहे, आउटपुट इम्पिडन्सचा मुद्दा मान्य. माझा ॲम्प ट्यूबचाच आहे आणि हेडफोन ३०० ओहमचे, तेव्हा सोल्डरबाबा म्हणतात ती ऊब मला आवडत असेल, असू दे. पण मग कशाने मोजू आवाज?

मिक्सरताई

मल्टिमीटरने. ४०० हर्ट्झचा सलग सूर लावा, एसी व्होल्टवर ठेवा, जॅकच्या टोकाशी मोजा. (हेडफोन जोडलेला असताना मोजा, नाहीतर आउटपुट इम्पिडन्सचा परिणाम त्यात येणारच नाही. आणि मोजताना हेडफोन कानावर नको.) दोन्हीकडे व्होल्ट सारखे करा. एक व्होल्ट आणि १.१२ व्होल्ट यात १ डीबी, एवढाही फरक ठेवू नका. मग कुणालातरी वायरी बदलायला सांगा आणि तुम्ही पाठ करून बसा. दहा-बारा वेळा. कुठलं कुठलं ओळखा. मी करते, आणि दर वेळी जरा अपमान होतो.

आणि ॲम्प घेणाऱ्या सगळ्यांना एक कळकळीने. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डीबी ही मर्यादा सांगते, आणि दर ३ डीबी वाढले की वेळ निम्मा. ८३ ला २० तास, ८६ ला १०. ॲम्प आला की बटण पुढे सरकतंच, माझंही सरकतं. एका कानात शिट्टी बसलीये माझ्या, ती काही एडिट करता येत नाही.

कानात_वारं

सगळ्यांचे आभार. काल रात्री भावाला बसवून प्रयोग केला, वृत्तांत देतो.

आधी मोजलं. फोन फुल्ल आवाजावर, डोंगलमधून निघाले ०.४ व्होल्ट! म्हटलं हे काय. तोच डोंगल लॅपटॉपला लावला तर बरोबर १ व्होल्ट. म्हणजे डोंगल देऊ शकतो, फोन त्याला पूर्ण द्यायलाच सांगत नाहीये. ८ डीबी तिथेच गळत होते.

खर्डेघाशा

अरे हो, हे सांगायचं राहिलं. काही डोंगलचं आतलं आवाजाचं बटण अँड्रॉइड पूर्ण उघडतच नाही. थेट यूएसबीशी बोलणारी काही ॲप आहेत, त्यांत पूर्ण मिळतो. शिवाय काही डोंगलची युरोपात विकली जाणारी आवृत्ती मुळातच अर्ध्या व्होल्टेजची असते. ॲम्प घेण्याआधी हे बघायला पाहिजे खरं तर.

म्हणजे तुमच्याकडे टोकाला १०२ नव्हतेच, ९४ होते. जुनं रेकॉर्डिंग ७५ च्याही खाली. कुजबुजणारच.

कानात_वारं

हो ना. तर लॅपटॉपवर लावल्यावर दार उघडलं. नव्या गाण्यांना तर आवाज कमीच करावा लागला.

मग भाऊ त्याच्या मित्राचा ॲम्प घेऊन आला होता, त्याच्याशी आवाज सारखा करून मी पाठ करून बसलो. बारापैकी सात बरोबर. भाऊ म्हणाला जिंकलास. मी म्हटलं नाणं उडवलं असतं तरी सहा आले असते. (पहिल्या तीन वेळा मला शंभर टक्के खात्री होती. तीनही चुकले.)

पण एका ठिकाणी ॲम्प लागला तो लागलाच. या हेडफोनचा वरचा आवाज मला टोचतो म्हणून इक्वलायझर लावला, खालचा बेस ६ डीबी वाढवला, आणि आवाज फाटू नये म्हणून ॲपने आपोआप सगळंच ६ डीबी खाली घेतलं. त्यात जुनं रेकॉर्डिंग. लॅपटॉप फुल्ल करूनही पुरेना. ॲम्पवर मात्र अर्ध्या बटणात झालं.

खर्डेघाशा

बरोबर. बेस जेवढा चढवाल तेवढी वरची जागा सोडावी लागते. तुमचे १०२ चे ९६ झाले. इक्वलायझर वापरणाऱ्याला ॲम्प लागण्याची शक्यता बाकीच्यांपेक्षा जास्त, हे कुठल्याच जाहिरातीत लिहीत नाहीत. मोठा नको, लो गेनवर ३-४ व्होल्ट स्वच्छ देणारा बघा, १२-१६ मिलिअँपिअर पुरतात तुम्हाला. आणि लॅपटॉपचा आवाज पूर्ण ठेवून ॲम्पच्या बटणाने कमी-जास्त करा.

रात्रपाळी

इयरफोन त्या ॲम्पला लावून बघितले का?

कानात_वारं

बघितले. सूंऽऽऽ.

शुद्धस्वर

आज मल्टिमीटर आणलाय. उद्या बायकोला वायरी बदलायला बसवतो. काय निघालं ते सांगेन, निघालं तर.

मिक्सरताई

वाट बघतेय :)

घाईत_आहे

सगळा धागा वाचला नाही, पण माझ्याकडे ब्लूटूथ हेडफोन आहेत, चांगले मोठे आहेत, त्यांना कुठला ॲम्प घेऊ?

अर्धवट

आत आहे.

घाईत_आहे

कशाच्या आत?

सोल्डरबाबा

हेडफोनच्या आत, बाळा. ब्लूटूथवर ऐकताना डॅक (डिजिटल आकड्यांचा विजेचा सिग्नल करणारा भाग), ॲम्प, बॅटरी सगळं त्यातच असतं आणि ते त्याच ड्रायव्हरसाठी जुळवलेलं असतं. बाहेरून ॲम्प लावायला जागाच नाही. वायर लावून ऐकत असशील तर वेगळं, त्यातही काही मॉडेलमध्ये वायरीचा आवाज पुन्हा आतल्या ॲम्पमधूनच जातो. बॅटरी संपल्यावर वायरीवर वाजतात का बघ. वाजले तर वरती खर्डेघाशाने लिहिलेलं वाच.